झटक्यानंतर हृदयपेशींचा संदेशव्यवहार

(अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासाठी भरविण्यात आलेल्या आरोग्यविषयक अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. माणसे एकमेकांशी बोलतात, पेशी कशा बोलतील, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. मी वैद्यकशास्त्राचा पदवीधर नाही. तज्ज्ञांनी शोधलेले समजावून घ्यावे आणि ते लोकांपर्यंत पोचवावे, एवढेच माझे काम. परंतु हा विषय समजून घेताना मला असे दिसून आले की, हृदयविकाराच्या झटक्याविषयी आपल्या समाजात जे दोन मोठे गैरसमज आहेत, त्या दोहोंचे उत्तर या पेशींच्या संदेशव्यवहारात आहे.

पहिला गैरसमज असा की, छातीत दुखू लागल्यावर थोडा वेळ वाट पाहून काय ते ठरवावे. दुसरा असा की, रोगी दवाखान्यातून चालत घरी आला म्हणजे झटका संपला. वास्तविक झटका हा एका क्षणाचा प्रसंग नव्हे. त्या क्षणी हृदयात निरोपांची जी देवाणघेवाण सुरू होते ती काही महिने चालू राहते, आणि त्या निरोपांवर रोग्याचे पुढील आयुष्य अवलंबून असते.

निरोगी हृदयातील एकजूट

प्रौढ माणसाचे हृदय साधारणतः त्याच्या मुठीएवढे असते आणि दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. त्यात स्नायुपेशींची संख्या २०० ते ३०० कोटी आहे. एकेक पेशी जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी लांब. त्यांच्याखेरीज धागे विणणाऱ्या पेशी आहेत. त्यांना फायब्रोब्लास्ट म्हणतात, आपण त्यांना तंतुपेशी म्हणू. रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी आहेत, आणि पहारा देणाऱ्या भक्षक पेशीही आहेत. संख्येने पाहिले तर स्नायुपेशी एकूण पेशींच्या सुमारे एकतृतीयांशच भरतात, परंतु हृदयाचे बहुतेक आकारमान त्यांचेच असते.

एवढ्या कोटी पेशी एकाच तालात कशा चालतात? हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्याच्या भिंतीत पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक या दोन ब्रिटिश संशोधकांनी १९०७ मध्ये त्याचे वर्णन केले. या पुंजक्यातून विजेचा सूक्ष्म स्पंद निघतो आणि पेशींमागून पेशी ओलांडत सर्व हृदयभर पसरतो. शेजारी शेजारी असलेल्या दोन स्नायुपेशींच्या भिंतींत कनेक्सिन नावाच्या प्रथिनाची बारीक दारे असतात. त्यांतून विद्युत्‌भारित कण या पेशीतून त्या पेशीत जातात. ग्रामसभेची दवंडी एका आळीतून दुसऱ्या आळीत जावी तसा हा प्रकार आहे, फक्त ही दवंडी सेकंदाच्या लहानशा भागात सर्वत्र पोचते. या कामी केवळ स्नायुपेशीच असतात असेही नाही. भक्षक पेशीसुद्धा स्नायुपेशींना विजेच्या मार्गाने जोडलेल्या असतात आणि स्पंद पुढे नेण्यास मदत करतात, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

पुरवठा तुटतो तेव्हा

हृदय सर्व शरीराला रक्त पुरविते, तसे ते स्वतःलाही हृदयरोहिण्यांमार्फत रक्त घेते. या रोहिणीच्या आतील भिंतीवर वर्षानुवर्षे साठलेला चरबीयुक्त थर एखाद्या दिवशी फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि वाट बंद होते. यालाच आपण झटका म्हणतो.

पलीकडच्या पेशींना प्राणवायू मिळेनासा होतो. पहिल्या मिनिटाच्या आसपासच त्या भागाचे आकुंचन थांबते, परंतु पेशी अद्याप मेलेल्या नसतात. पेशीत आम्ल साठते, कॅल्शियम वाढते, आणि पंधरावीस मिनिटांच्या सुमारास शेजारच्या पेशींकडे जाणारी दारे मिटू लागतात. मरणाऱ्या पेशीचे विष शेजारणीत जाऊ नये अशी ही व्यवस्था आहे. हृदयाच्या पेशी जगतात एकत्र पण मरतात एकेकट्या, हे निरीक्षण एंगेलमान या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच नोंदवून ठेवले होते.

तथापि या बचावाची किंमत मोठी आहे. काही दारे मिटलेली, काही अर्धवट उघडी, अशा प्रदेशातून विजेचा स्पंद जाताना अडखळतो, आडवाटेने फिरतो आणि पुन्हा मूळ जागी येऊन गोल गोल फिरू लागतो. मग हृदय ठोके देण्याऐवजी नुसते थरथरते. रक्त पुढे जात नाही आणि माणूस जागच्या जागी कोसळतो. झटक्याने होणारे अनेक मृत्यू पहिल्या तासाभरात, दवाखान्याच्या बाहेर होतात, त्यांचे मुख्य कारण हेच. अशा वेळी जवळच्या माणसाने छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल असे जोराने दाबत राहिले, तर विजेचा धक्का देणारे यंत्र येईपर्यंत मेंदू जिवंत राहू शकतो. दाबण्याचे हे काम शिकलेला शिक्षक किंवा तरुण करू शकतो, त्याला पदवी लागत नाही.

उरलेल्या पेशींचे काय होते? अमेरिकेत रायमर आणि जेनिंग्ज यांनी कुत्र्यांच्या हृदयावर प्रयोग करून १९७७ मध्ये दाखवून दिले की, मृत्यू एकदम येत नाही. तो भिंतीच्या आतल्या बाजूने सुरू होतो आणि काही तासांत लाटेसारखा बाहेरच्या बाजूकडे सरकतो. याचा अर्थ असा की, वाट जितक्या लवकर खुली होईल तितकी जिवंत भिंत अधिक हाती लागेल. ही लाट कोणाच्याही सोयीसाठी थांबत नाही.

मरणाऱ्या पेशीची हाक

पेशी फुटते तेव्हा तिच्यातील द्रव्ये बाहेर सांडतात. जी द्रव्ये एरवी पेशीच्या आतच असावयाची ती बाहेर दिसणे, हाच धोक्याचा इशारा ठरतो. भक्षक पेशींच्या आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर असे इशारे ओळखणारी प्रथिने असतात. अशा प्रथिनांच्या शोधाबद्दल ज्यूल्स हॉफमन आणि ब्रूस ब्यूटलर हे २०११ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. जंतूंचा हल्ला ओळखणारी हीच यंत्रणा, एकही जंतू नसताना, झटक्यानंतर जागी होते.

हाक ऐकून काही तासांतच रक्तातील न्यूट्रोफिल नावाच्या श्वेतपेशी येऊन दाखल होतात आणि पहिल्या दोनतीन दिवसांत त्यांची गर्दी होते. मृत भाग साफ करणे हे त्यांचे काम. त्यांच्या मागोमाग भक्षक पेशींच्या तुकड्या येतात. हा निरोप केवळ हृदयापुरता राहत नाही. तो मज्जातंतूंच्या आणि रक्ताच्या मार्गाने हाडांतील मगजापर्यंत जातो व तेथे नव्या श्वेतपेशी तयार होऊ लागतात. प्लीहेत साठवून ठेवलेल्या राखीव पेशीही बाहेर पडतात, हे उंदरांवरील प्रयोगांत २००९ मध्ये दिसून आले.

फुटलेल्या पेशींतून ट्रोपोनिन नावाचे प्रथिनही रक्तात येते. हा निरोप डॉक्टरांना वाचता येतो. रक्ताच्या तपासणीत ट्रोपोनिन वाढलेले दिसले म्हणजे हृदयाला इजा झाली हे समजते. परंतु ते वाढावयास काही तास लागतात. म्हणून छातीत दुखू लागताच केलेली रक्ताची पहिली तपासणी चांगली आली, एवढ्यावरून रोग्याने स्वतःच निर्धास्त होऊन घरी परतणे बरोबर नाही. हृदयाचा विद्युत्‌आलेख तत्काळ काढून घेणे व डॉक्टर सांगतील तर तो आणि रक्ततपासणी पुन्हा करणे आवश्यक असते.

या सर्व गडबडीत सूज येते, दाह होतो. तेव्हा दाहच बंद करून टाकला तर बरे, असे पूर्वी काही तज्ज्ञांना वाटले. त्यासाठी स्टिरॉइड औषधे देऊन पाहण्यात आली. परंतु १९७६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या उपायाने फायद्याऐवजी अपाय झाल्याचे आढळले. त्याचे कारण पुढे ध्यानात आले. दाह हा नुसता उपद्रव नाही, तो डागडुजीचा पहिला हप्ता आहे. झटका येऊन गेलेल्या माणसाने गुडघेदुखीसाठी वा कंबरदुखीसाठी दुकानातून वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने आणून घेऊ नयेत, असे डॉक्टर बजावतात. अशा बऱ्याच गोळ्या दाह दाबणाऱ्या असतात आणि झटक्यानंतर त्या धोक्याच्या ठरतात. डॉक्टरांनी ठरवून दिलेली ॲस्पिरिनची लहान मात्रा ही वेगळी गोष्ट आहे. ती गुठळी जमविणाऱ्या रक्तकणिकांचा आपसातील निरोप तोडते.

डागडुजी

तीनचार दिवसांनी निरोपांचा सूर बदलतो. साफसफाई करणाऱ्या पेशी मरू लागतात, भक्षक पेशी त्यांना गिळतात आणि गिळता गिळता दाह शमविणारी द्रव्ये सोडू लागतात. आता तंतुपेशींना बोलावणे जाते. एरवी शांतपणे राहणाऱ्या या पेशी रूप पालटतात, आकुंचन करण्याची शक्ती मिळवितात आणि कोलॅजेनचे धागे विणू लागतात. मृत स्नायूच्या जागी घट्ट व्रण तयार होण्यास साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात जुना स्नायू विरघळलेला आणि नवा व्रण कच्चा अशी स्थिती असते. क्वचित याच काळात भिंत फाटण्याचा धोका असतो. विश्रांती किती, चालणे केव्हा, जिना केव्हा, याबाबत डॉक्टर जे सांगतात त्याला असा आधार आहे.

व्रणाऐवजी नवा स्नायूच का उगवत नाही? मोठ्या झटक्यात १०० कोटींपर्यंत स्नायुपेशी नष्ट होऊ शकतात. त्या भरून निघण्याचा वेग मात्र अत्यल्प आहे. गेल्या शतकाच्या मध्यास झालेल्या अणुचाचण्यांमुळे वातावरणात जो किरणोत्सारी कार्बन पसरला, त्याचा अंश माणसांच्या पेशींत किती आहे हे मोजून स्वीडनमधील संशोधकांनी २००९ साली पेशींचे वय काढले. विशीपंचविशीत हृदयाच्या सुमारे १ टक्का स्नायुपेशी वर्षाला बदलतात आणि पंचाहत्तरीच्या सुमारास हे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही खाली येते, असे त्यांना आढळले. म्हणजे जन्मभर जपावयाची ही पुंजी आहे.

आपल्या देशातील ओढ्यानाल्यांत राहणाऱ्या झेब्रा माशाची गोष्ट मात्र निराळी आहे. त्याच्या हृदयाच्या खालच्या कप्प्याचा पाचवा हिस्सा कापून काढला तरी दोन महिन्यांत तो पुन्हा उगवतो, हे २००२ मध्ये अमेरिकेतील प्रयोगांत दिसले. त्याच्याही हृदयात प्रथम दाह होतो, तंतुपेशी जाग्या होतात, परंतु पुढचा निरोप ‘विणा’ असा न राहता ‘वाढा’ असा होतो. हा फरक कशाने पडतो, याचा शोध जगभर चालू आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही या माशाच्या हृदयावर संशोधन झाले आहे.

दूरवरून येणारे चुकीचे निरोप

आता मी दुसऱ्या गैरसमजाकडे वळतो. व्रण तयार झाला, रोगी घरी आला, गावातून फेरफटकाही मारू लागला. दोनतीन महिन्यांनी तो म्हणतो, मला आता काही होत नाही, गोळ्या कशाला? अशी एखादी व्यक्ती आपण प्रत्येकाने पाहिली असेल. अशा व्यक्तीच्या हृदयात त्या वेळी काय चालू असते ते पाहा.

हृदयाचा एक भाग निकामी झाल्यामुळे रक्त थोडे कमी पुढे जाते. मूत्रपिंडांना वाटते की, शरीरातील रक्तच कमी झाले. जखमी माणसाचे रक्त वाहून गेले असता ती जो उपाय करतात तोच उपाय ती येथे योजतात. रेनिन नावाचे द्रव्य सोडले जाते, त्यातून पुढे अँजिओटेन्सिन तयार होते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, मीठ आणि पाणी अडविले जाते. मज्जासंस्था ॲड्रेनॅलिनसारखी द्रव्ये सोडून हृदयाला अधिक जोराने चालावयास सांगते. जखमेच्या प्रसंगी प्राण वाचविणारे हे निरोप येथे घातक ठरतात. निरोगी उरलेल्या स्नायुपेशी या सततच्या हुकमाखाली जाड होतात, काही दमून मरतात. तंतुपेशी व्रणाच्या बाहेरही धागे विणत सुटतात. डावा कप्पा हळूहळू पसरट आणि फुगीर होतो. हे सर्व घडत असता रोग्याला पुष्कळदा काहीच जाणवत नाही. जाणवते तेव्हा पायांवर सूज आणि रात्री उशाला दोन उशा अशी अवस्था आलेली असते.

हे निरोप अडविता येतात, ही विज्ञानाची मोठी देणगी होय. ब्राझीलमधील एका विषारी सापाच्या विषात अँजिओटेन्सिनची निर्मिती रोखणारे द्रव्य सापडले. त्या धाग्यावरून कॅप्टोप्रिल हे औषध तयार झाले व १९८१ मध्ये वापरात आले. झटक्यानंतर डावा कप्पा दुबळा झालेल्या २,२३१ रोग्यांवरील पाहणी १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत हे औषध घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण १९ टक्क्यांनी कमी आढळले. ॲड्रेनॅलिनचा निरोप अडविणारी औषधे सर जेम्स ब्लॅक यांनी शोधली आणि १९८८ चे नोबेल पारितोषिक मिळविले. ज्यांचा डावा कप्पा दुबळा झाला आहे त्यांना या औषधांचा लाभ निश्चित आहे. ज्यांचा कप्पा चांगला राहिला त्या सर्वांना ती लागतातच असे नाही, असे अलीकडच्या पाहण्यांवरून दिसते. कोणाला कोणती गोळी आणि किती दिवस, हे म्हणूनच डॉक्टरांनी ठरवावयाचे आहे. शेजाऱ्याची बंद झाली म्हणून आपण बंद करणे, हा त्यावरचा मार्ग नव्हे.

संशोधनाची पुढची वाट

पेशी आणखी एका मार्गाने बोलतात. त्या आपल्यातील काही मजकूर इवल्या पिशव्यांत बांधून बाहेर सोडतात. ही पिशवी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी. तीत मायक्रो आरएनए नावाचे लघुरेणू असतात. ते दुसऱ्या पेशीत जाऊन तेथील जनुकांचे काम थोपवू शकतात. या रेणूंच्या शोधाबद्दल व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. झटक्यानंतर अशा पिशव्यांची ये-जा स्नायुपेशी, तंतुपेशी आणि अस्तराच्या पेशी यांच्यामध्ये चालते. चांगले मजकूर पाठवून व्रण लहान करता येईल काय, यावर प्रयोगशाळांतून काम होत आहे.

परंतु प्रयोगशाळेतील यश आणि रोग्याच्या खाटेजवळचे यश यांत अंतर असते. हृदयाला मोठ्या आघातापूर्वी काही मिनिटांचे लहान लहान उपवास घडविले तर ते अधिक तग धरते, हे १९८६ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांत दिसले. पुढे दंडावर पट्टा आवळून सोडल्यानेही हृदयाला सावधगिरीचा निरोप जातो असे आढळले आणि मोठी आशा निर्माण झाली. मात्र ५,००० हून अधिक रोग्यांवर घेतलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याचा लाभ दिसला नाही. हे सांगण्याचे कारण एवढेच की, चमत्कारिक उपायांच्या जाहिराती वाचून कोणी सिद्ध झालेले उपचार सोडू नयेत.

आपल्या हाती काय आहे?

वाट लवकर खुली करणे हाच झटक्यावरील मुख्य उपचार आहे. ती गुठळी विरघळविणाऱ्या औषधाने खुली करतात, अथवा रोहिणीत फुगा घालून करतात. इटलीत ११,००० हून अधिक रोग्यांना घेऊन केलेली पाहणी १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली. दुखू लागल्यापासून पहिल्या तासात ज्यांना गुठळी विरघळविणारे औषध मिळाले, त्यांच्यातील मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी झाले. उशीर होत गेला तसतसा हा लाभ घटत गेला.

आपल्याकडे हा तास कसा जातो? छाती जड होते, घाम सुटतो, दुखणे डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाते. घरातील मंडळी म्हणतात, पित्त झाले असेल, जरा ओवा चाव, सोडा घे, सकाळी बघू. स्त्रियांमध्ये आणि मधुमेही माणसांत पुष्कळदा छातीत फारसे दुखतही नाही. नुसता दम लागतो, मळमळते, गळून गेल्यासारखे वाटते. तेथे तर शंकाच घेतली जात नाही. इकडे ती लाट भिंतीतून पुढे सरकत असते.

म्हणून माझ्या काही सूचना आहेत. आपल्या राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू आहे. हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या आणि शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत असावा. जवळच्या कोणत्या रुग्णालयात विद्युत्‌आलेख निघतो, कोठे गुठळी विरघळविण्याचे औषध मिळते, हे पंचायत सदस्यांनी आजच विचारून ठेवावे. रात्री दोन वाजता विचारण्याची ती गोष्ट नव्हे. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांना छाती दाबण्याचे शिक्षण मिळेल अशी व्यवस्था करावी. ज्यांच्या हाताखाली कर्मचारी आहेत अशा अधिकाऱ्यांनी झटका येऊन गेलेल्या कर्मचाऱ्याची चौकशी दोन महिन्यांनी पुन्हा एकदा करावी आणि गोळ्या चालू आहेत ना, एवढे विचारावे.

मित्रहो, हृदयातील पेशी त्यांचा निरोप वेळेवर पाठवितात. कधी तो उपकारक असतो, कधी चुकीचा असतो, पण त्यात आळस नसतो. पेशीची हाक पहिल्या मिनिटाला निघते आणि घरातून रुग्णवाहिकेला निरोप तीन तासांनी जातो, ही स्थिती बदलणे मात्र आपल्या हाती आहे. आपण गावी परतल्यावर प्रथम भिंतीवरचा तो क्रमांक पाहावा. नसेल तर उद्या सकाळी लिहून घ्यावा. एवढे सांगून मी आपली रजा घेतो.